हमी संपलेल्या मोटारीचा प्रपंच

गेल्या आषाढांत एके दिवशीं सकाळीं दूध आंत घेण्यासाठीं आम्हीं दार उघडलें, तों अंगणांतील मोटार पुढल्या डाव्या गुडघ्यावर बसलेल्या बैलासारखी दिसली. चाकांत हवा होती, खालची फरशी सपाट होती. गाडीचें अंगच एका बाजूनें चाकावर खचलें होतें. पुतण्यास हांक मारली. तो जिना उतरून आला, क्षणभर पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, हमी गेल्याच महिन्यांत संपली."

जिला सर्वजण वॉरंटी म्हणतात तीच ही हमी. ती असेपर्यंत मोटारींत कांहीं बिघडलें तर बहुतेक भार कंपनीवर असतो. ती सरली कीं तोच भार एका रात्रींत घरावर येतो, आणि मोटार मात्र आदल्या दिवशींची तीच असते. आमच्या घरानें गेल्या वर्षभरांत हा भार कसा उचलला तें लिहावें असें दोघां-तिघां स्नेह्यांनीं सुचविलें. कारण पांच-सहा वर्षें वापरलेली आलिशान मोटार नव्या साध्या मोटारीच्या किंमतींत घेण्याचा प्रघात आतां आमच्या सांगलीसारख्या गांवांतही पडूं लागला आहे.

ही मोटार घरांत आली कशी तें प्रथम सांगितलें पाहिजे. आमचे वडील बंधु दादा यांच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झालेली आहे. दर दोन महिन्यांनीं त्यांस पुण्यास दाखवावें लागतें. सांगली ते पुणें हा सुमारें २३५ किलोमीटरांचा रस्ता. साध्या गाडींतून तो काटल्यावर ते दोन दिवस अंथरुणास खिळत. हवेच्या पिशव्यांवर तोललेली ही जर्मन मोटार पुतण्यानें मुद्दाम त्यांच्यासाठीं शोधून काढली. नवी असतां तिला साठ लक्षांवर रुपये पडले होते. पांच वर्षांची झाल्यावर ती सोळा लक्षांस मिळाली आणि वर एका वर्षाची हमी. पहिल्या खेपेस दादा पुण्याहून परतले ते कोणाचा हात न धरतां जिना चढून गेले. त्या सायंकाळीं वहिनींनीं मोटारीस ओवाळलें. तेव्हांपासून ही चैनीची वस्तु आहे असें आमच्या घरांत कोणी म्हणत नाहीं.

खचलेली गाडी मालट्रकवर चढवून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठविली. चौथ्या दिवशीं खर्चाचें अंदाजपत्रक आलें: ४ लक्ष ८२ हजार. पुढल्या दोन्ही बाजूंचे एअर सस्पेन्शनचे खांब, त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर, त्याच्या नळ्या आणि मजुरी. पुतण्यानें तो कागद दोन दिवस कोणास दाखविला नाहीं. तिसऱ्या दिवशीं सूनबाईंच्या पाटल्या सराफाकडे तारण ठेवण्याचें बोलणें चाललें आहे हें वहिनींच्या कानीं आलें, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्व मंडळी माजघरांत बसली. दादा एवढेंच म्हणाले, "विकून टाका. मी एस्. टी. नें जाईन." त्यावर कोणींच कांहीं बोललें नाहीं. ते एस्. टी. नें जाऊं शकत नाहींत, हें त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक होतें?

त्या रात्रीं आम्हांस जें उमगलें तें वस्तुतः सौदा करतांनाच उमगावयास हवें होतें. वापरलेल्या मोटारीची किंमत वर्षागणिक उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. सोळा लक्षांस घेतली तरी तिची मोडतोड साठ लक्षांच्या मोटारीचीच असते. एखाद्या सरदाराचा हत्ती लिलांवांत घोड्याच्या किंमतीस मिळाला, म्हणून तो घोड्याइतकेंच खातो काय? पहिल्या मालकास हा चारा जाणवत नाहीं, कारण त्याच्या काळांत तो कंपनी घालते. दुसऱ्या मालकाच्या दारीं हत्ती येतो तो भूक घेऊनच.

पाटल्या आम्हीं हलूं दिल्या नाहींत. मिरज रस्त्यावर एक मिस्त्री आहेत. बारा वर्षें अशाच मोटारींच्या कारखान्यांत काढून आतां त्यांनीं स्वतःचें लहानसें गॅरेज थाटलें आहे. गाडी तेथें नेली. त्यांनीं संगणकाची तार जोडण्यापूर्वीं बादलींत साबणाचें पाणी केलें आणि तें हवेच्या पिशव्यांवर शिंपडलें. उजवी कोरडी राहिली. डाव्या पिशवीच्या घडीपाशीं बारीक बुडबुडे आले. रबर ज्या ठिकाणीं सतत दुमडतें तेथेंच तें प्रथम चिरतें. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, कॉम्प्रेसर अजून जिवंत आहे. आणखी महिनाभर अशीच चालविली असती तर तोही गेला असता."

याची कारणपरंपरा त्यांनीं जी सांगितली ती विद्यार्थ्यांस शिकविण्याजोगी आहे. पिशवींतून रात्रभर थोडी थोडी हवा जाते. सकाळीं गाडी सुरू करतांच यंत्रणेस कळतें कीं अंग खालीं आलें आहे, आणि ती कॉम्प्रेसरला हवा भरावयास सांगते. हा कॉम्प्रेसर थोडा थोडा वेळ चालण्यासाठीं घडविलेला असतो. गळती भरून काढण्यासाठीं त्यास वारंवार आणि फार वेळ चालावें लागलें म्हणजे तो तापतो व अखेर जळतो. म्हणजे लहान भागाची गळती मोठ्या भागाचा प्राण घेते. सूचना मिळाली नव्हती असें नाहीं. दोन महिन्यांपासून सकाळीं अंगणांत बराच वेळ घरघर ऐकूं येई. सूनबाईंनीं एकदां तसें म्हटलेंही होतें. आम्हीं तो शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप ठरवून मोकळे झालों.

एक नवा खांब आणि कॉम्प्रेसरचा रिले, मजुरीसह ७१ हजारांत काम झालें. यावरून सर्व्हिस सेंटरनें आम्हांस लुबाडूं पाहिलें असा निष्कर्ष मात्र कोणी काढूं नये. त्यांस आपल्या कामाची पुन्हा हमी द्यावयाची असते, म्हणून ते जोडीचे भाग जोडीनें बदलतात. उजवी पिशवीही डावीच्याच वयाची आहे, हें मिस्त्रींनाही मान्य होतें. फरक इतकाच कीं, ते म्हणाले, "ती पुढल्या वर्षीं करूं. तोंवर पैसे सांठवा." गृहस्थाश्रमी माणसास या मुदतीचें मोल फार असतें.

बाहेरच्या गॅरेजांत काम करून घेण्यास पुष्कळ लोक बिचकतात. कंपनीचें यंत्र उघडण्याचा अधिकार इतरांस नाहीं असें त्यांस वाटतें. या संबंधांत एक निर्णय माहीत असावा. दिनांक २५ ऑगस्ट २०१४ रोजीं भारतीय स्पर्धा आयोगानें चौदा मोटार कंपन्यांस मिळून सुमारें २,५४४ कोटि रुपयांचा दंड ठोठावला. त्यांचा अपराध हा कीं, सुटे भाग आणि दोष शोधण्याचीं साधनें त्या खुल्या बाजारांत स्वतंत्र कारागिरांस मिळूं देत नव्हत्या. केवळ बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून हमी सरसकट रद्द करूं नये, असेंही आयोगानें बजाविलें. पुढें त्यावर अपिलें झालीं. पण स्वतंत्र मिस्त्री हा कोणी चोरवाटेचा मनुष्य नव्हे, एवढें त्या निर्णयानें स्पष्ट झालें. शिवाय मोटार कंपनी सर्वच भाग स्वतः घडवीत नाहीं. बॉश, महले, झाक्स, लेमफोर्डर यांसारखे कारखाने कित्येक भाग तिला पुरवितात, आणि तसेच भाग स्वतःच्या नांवाच्या खोक्यांतून पुष्कळदां कमी दरानें विकतात. मागवितांना गाडीचा सतरा अक्षरी चॅसिस क्रमांक द्यावा, म्हणजे चूक टळते. अगदींच स्वस्त, निनांवी मालाच्या वाटेस जाऊं नये.

आतां एका शब्दाविषयीं. पुतण्याच्या मनांत असें पक्कें होतें कीं आपल्या गाडीच्या गिअरबॉक्समधील तेल 'आजीवन' आहे, तें बदलावयाचेंच नसतें. आम्हीं जन्मभर मुलांस समास शिकविले; 'आजीवन' हा अव्ययीभाव आहे, जीवन संपेपर्यंत. परंतु जीवन कोणाचें? मोटारीचें, पहिल्या मालकाच्या ताब्याचें, कीं हमीचें? विग्रहांत याचें उत्तर नाहीं. अनेक आलिशान मोटारींस स्वयंचलित गिअरबॉक्स पुरविणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र स्वतःच्या गिअरबॉक्सचें तेल ८० हजार ते १ लक्ष २० हजार किलोमीटरांच्या दरम्यान, अथवा आठ वर्षांनीं, बदलावें असें सांगते. आमची गाडी ८६ हजारांवर होती. तेल काढलें तें काळेंभोर निघालें. तेंच 'आजीवन' मानून चाललों असतों तर तेलाआधीं गिअरबॉक्सचें जीवन संपण्याची पाळी आली असती, आणि गिअरबॉक्सचा खर्च ऐकून तर दादांनीं खरोखरच एस्. टी. गांठली असती.

जुन्या मोटारीचें वय किलोमीटरांवर मोजण्याची संवय आपणांस आहे. परंतु रबर, प्लॅस्टिक आणि तेलें हीं उभ्या गाडींतही म्हातारीं होतात. इंजिन थंड ठेवणारें कूलंट ज्या टाकींतून व जोडांतून फिरतें त्यांपैकीं बरेच भाग आतां प्लॅस्टिकचे असतात. वर्षानुवर्षें तापून व निवून ते ठिसूळ होतात आणि एखादे दिवशीं घाटांतच तडकतात. वरचें इंजिन ॲल्युमिनियमचें. कूलंट गेल्यावर ते तसेंच दोन-चार किलोमीटर रेटलें तर त्याचा माथा वांकतो. म्हणून तापमानाचा कांटा चढला कीं गाडी जेथें असेल तेथें थांबवावी. पाहुणे खोळंबले, मुहूर्त टळतो, असला विचार करूं नये. आम्हीं टाकी, थर्मोस्टॅट आणि दोन नळ्या शाबूत असतांनाच बदलून घेतल्या. पुतण्यास तो अपव्यय वाटला. जुनी नळी मिस्त्रींनीं बोटांत दाबली तशी तिचा चुरा झाला, तेव्हां तो गप्प बसला.

ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ४ जातीचें ताजें तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. घाट उतरतांना तापलेल्या ब्रेकांशीं याचा संबंध आहे, म्हणून दर दोन वर्षांनीं तें बदलावें. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर तरुण असतो असें नाहीं.

बॅटरीची एक मौज सांगतों. आश्विनांत एके सकाळीं गाडीच्या पाटीवर एकामागून एक सात सूचना उमटल्या: ब्रेक बिघडले, सुकाणूं बिघडलें, हवेची यंत्रणा बिघडली. पुतण्याचा चेहरा पांढरा पडला. मिस्त्रींनीं फोनवरच सांगितलें, "आधीं बॅटरी मोजा." बॅटरी पांच वर्षांची, थकलेली. दाब उतरला कीं या मोटारींतील अनेक लहान संगणक बावरतात आणि जो तो आपली तक्रार मांडतो. नवी बॅटरी बसवून गाडीच्या संगणकास तशी नोंद दिल्यावर सातही तक्रारी मिटल्या. अंदाजानें एखादा महाग भाग बदलण्यापूर्वीं एवढें पाहावें.

पावसाळा हा आणखी एक परीक्षक. छताच्या कांचेभोंवतीं पाणी वाहून जाण्याच्या बारीक नळ्या असतात. झाडाखालीं गाडी ठेवल्यास त्या पानाफुलांनीं तुंबतात, आणि पाणी आंत गालिच्याखालीं उतरून तारांपर्यंत पोंचतें. ज्येष्ठांत त्या साफ करून घ्याव्या. कृष्णेच्या २०१९ च्या ऑगस्टांतील पुरानंतर सांगलीकरांस गाडी उंचावर नेऊन ठेवण्याचें सांगावें लागत नाहीं. पण तुंबल्या रस्त्यांत बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करूं नये, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. इंजिनांत शिरलेलें पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं. किल्ली फिरवितांच आंतला दांडा वांकतो, आणि ही हानि साध्या विम्यांत धरली जात नाहीं, तिच्यासाठीं निराळें कलम विकत घ्यावें लागतें. अपघाताच्या भरपाईंतही रबर, प्लॅस्टिक, टायर व बॅटरी यांच्या किंमतींतून साध्या विम्यांत निम्मी रक्कम घसाऱ्यापोटीं कापतात. विम्याचा कागद घरांतील एका तरी माणसानें शेवटपर्यंत वाचावा. आमच्या घरीं तें काम चष्मा लावून वहिनींनीं केलें.

पैशाची व्यवस्था अशी लावली. दर महिन्यास १४ हजार रुपये बँकेंत एका वेगळ्या खात्यांत जातात. पुतण्या आठ घालतो, आमच्या निवृत्तिवेतनांतून दोन, उरलेले चार दादांचे. त्या खात्यांतून पेट्रोलही भरावयाचें नाहीं. सोबत एक शाळेची वही घातली आहे: तारीख, किलोमीटर, काय बदललें, पावती क्रमांक, आणि समासांत जुना भाग कां गेला तें. आषाढ ते फाल्गुन या नऊ महिन्यांत एकंदर २ लक्ष ३ हजार रुपये खर्च झाले; तोंवर खात्यांत १ लक्ष २६ हजारच जमले होते, तेव्हां तूट पुतण्यानें भरली. त्याचें वर्ष कठीण गेलें हें लपविण्यांत अर्थ नाहीं. दुरुस्तीचा एखादा आंकडा गाडीच्या त्या वेळच्या किंमतीच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे गेला, तर पुन्हा माजघरांत बसावयाचें, आणि तेव्हां दादांचें पहिलें वाक्य कोणी खोडावयाचें नाहीं, असें ठरलें आहे. जेथें कोणाच्या पाठीचा प्रश्न नाहीं आणि महिन्याच्या अखेरीस कांहीं उरत नाहीं, तेथें हा हत्ती बांधावा असें आम्ही सांगणार नाहीं.

वहींत लिहावयाचें काम आमच्याकडे होतें. परवां पुण्याहून परतल्यावर दादा जिना चढून थेट टेबलाशीं आले, वही ओढली आणि उभ्यानेंच त्यांनीं एक ओळ लिहिली: "कऱ्हाडच्या अलीकडे, मागल्या उजव्या बाजूस, खड्ड्यांत टक् असा आवाज. दोनदां." मिस्त्रींनीं उद्यां सकाळीं दहाला गाडी बोलाविली आहे.