मध्यरात्रीआधी फेडायची देणी

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात दिवाळीआधीचे दिवस वसुलीचे असतात. कोणाकडून किती यायचे, कोणाला किती द्यायचे, याच्या याद्या निघतात. जुनी खाती मिटली की बाजार बंद होतो आणि लाभपाचमीला नव्या वहीत मुहूर्ताचा सौदा लिहिला जातो. याच बाजारातल्या एका पेढीवर मी हिशेब लिहिते. माझे माहेर नवापूर तालुक्यातले, सासर उधन्यातले, आणि दोन्ही घरे ख्रिस्ती. आमच्या मंडळीचे वर्ष 31 डिसेंबरच्या रात्री पालटते. त्या रात्री आम्हीही हिशेब करतो. तो कसला, हे माझ्या पेढीवरच्या बायकांनी मला अनेकदा विचारले आहे. त्यांना दिलेले उत्तर इथे जरा सविस्तर लिहिते.

त्या रात्री दहाच्या सुमारास उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा अशा भागांतून आमची माणसे जमतात. बहुतेक जण जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लूमच्या कामासाठी आलेल्यांची मुलेनातवंडे. भक्ती मराठीत होते, बाहेर चपला काढताना गप्पा अहिराणीत. आधी गाणी, मग वर्षभराच्या साक्षी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते उभे राहून सांगणे. मग पाळक सगळ्यांना शांत बसायला सांगतात. ज्याने त्याने आपले वर्ष देवापुढे उघडायचे. त्यानंतर प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस. बाराचा ठोका पडतो तेव्हा सगळी मंडळी प्रार्थनेत असते.

ही रीत युरोपातून आली. जर्मनीतल्या मोरेव्हियन ख्रिस्ती लोकांनी 1733 मध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्री जागून प्रार्थना केली. पुढे जॉन वेस्लीने ती मेथडिस्ट मंडळ्यांत रुजवली. देवाशी केलेला करार सगळ्यांनी मिळून नव्याने करण्याची उपासनाही त्याने 1755 मध्ये लंडनमध्ये सुरू केली. कॅथलिक बंधुभगिनींकडे हेच काम आगमनकाळात आणि उपवासकाळात होते. नाताळ आणि ईस्टरआधी धर्मगुरूंजवळ पापांची कबुली द्यायला रांगा लागतात. सुरतेला हे सगळे नवे नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायव्ही 1815 मध्ये या शहरात आले. गुजराती बायबलचे भाषांतर इथे झाले, छपाईही इथलीच. 1840 च्या दशकात ते काम आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनने हाती घेतले. तापीकाठच्या या व्यापारी गावात पश्चात्तापाचा उपदेश दोनशे वर्षे चालू आहे.

नव्या वर्षाचा संकल्प पुढच्या दिवसांकडे पाहतो: उद्यापासून लवकर उठेन, तंबाखू सोडेन. ख्रिस्ती पश्चात्ताप आधी मागे वळायला लावतो. जिथे वाट चुकली तिथपर्यंत जायचे, जे मोडले ते उचलायचे, आणि मगच पुढे यायचे. लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक जातात आणि आम्ही काय करावे असे विचारतात. तो त्यांना ध्यान किंवा व्रत सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी लोकांना दमदाटी करून पैसे उकळू नयेत, असे त्याचे उत्तर आहे. ज्याचा जो धंदा, त्याच धंद्यात त्याचा पश्चात्ताप दिसला पाहिजे.

त्याच पुस्तकात जक्कयाची गोष्ट आहे. यरीहो शहरातला हा मोठा जकातदार, रोमन सत्तेसाठी कर गोळा करून गबर झालेला. येशू त्याच्या घरी उतरतो. तेवढ्याने जक्कय उभा राहतो आणि जाहीर करतो की, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत. जुन्या करारातल्या नियमशास्त्रात, माणसाने स्वतःहून कबूल केले तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढेच सांगितले आहे. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला. येशूने त्याला आकडा सांगितला नव्हता. मन पालटले आणि आकडा त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडला.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चांगली कामे करून देवाची क्षमा विकत घेता येते, असे आमचा विश्वास सांगत नाही. क्षमा ही कृपा आहे. ती आधी मिळते, फुकट मिळते. येशू जक्कयाच्या घरी गेला तो त्याने पैसे परत केल्यावर नव्हे, आधी. पण कृपा मिळालेला माणूस दुसऱ्याचे पैसे खिशात ठेवून सुखाने झोपू शकत असेल, तर त्याला काय मिळाले हा प्रश्न विचारावाच लागतो. मार्टिन लूथरने 1517 मध्ये मांडलेल्या पंचाण्णव सिद्धांतांतला पहिलाच सांगतो की विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्य पश्चात्ताप असावे. लूथरने कृपेवर जितका भर दिला तितका फार थोड्यांनी दिला असेल, तरीही त्याने सुरुवात इथून केली.

आपल्या मराठी मुलखात याची दोन मोठी उदाहरणे आहेत, आणि ती एकमेकांना पूरक आहेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. संस्कृत शास्त्रांत पारंगत बाई. विचार करून, वाद घालून ख्रिस्ती झाल्या. पण पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी स्पष्ट सांगितले की, धर्म तेव्हा मिळाला, ख्रिस्त मिळायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. विधी आधी झाला, मन मागून आले. लक्ष्मीबाई टिळकांचे उलट. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पतीकडे परतल्यावरही त्यांनी सोवळे सांभाळले. मग एके दिवशी त्यांना पटले की जातिभेद माणसाने केलेला आहे, आणि त्यांनी तो टाकला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. त्यांचे स्मृतिचित्रे हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला हा क्रम ठळक दिसतो. त्यांच्या बाबतीत आचरण आधी बदलले, विधी मागून आला.

या दोघींवरून मी एवढे शिकले की धर्माच्या रकान्यातले नाव बदलणे वेगळे आणि माणूस बदलणे वेगळे. मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. माझे नाव जन्मापासून मंडळीच्या वहीत आहे. म्हणून आतला बदल मला वारशात मिळाला असे होत नाही. तो प्रत्येकाला स्वतः घ्यावा लागतो.

रमाबाईंचे गुजरातवर ऋण आहे. 1899-1900 च्या दुष्काळात हा प्रदेश होरपळला. विक्रम संवत 1956 म्हणून गुजराती लोक त्याला छप्पनियो म्हणतात. त्या वर्षी रमाबाईंनी आपल्या केडगावच्या मुक्ती सदनात गुजरातेतल्या शेकडो निराधार मुली आणि बायकांना आसरा दिला. जून 1905 मध्ये याच मुक्तीमध्ये मोठे धार्मिक जागरण झाले. मुली रात्रंदिवस प्रार्थना करू लागल्या, रडून आपल्या चुका कबूल करू लागल्या. देशोदेशीच्या ख्रिस्ती लोकांनी त्याबद्दल वाचले. लोक बहुतेक त्या रडण्याबद्दल बोलतात. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे की, ज्या बाईने आधी दुष्काळात पोरींना जेवायला घातले, शिकवले, हाताला काम दिले, तिच्याच अंगणात हे घडले. भाकरी आणि प्रार्थना तिथे वेगळ्या नव्हत्या.

आता आमच्या वस्तीतली गोष्ट सांगते. लिंबायत, उधन्याकडे हजारो बायका घरी बसून साड्यांना खडे, टिकल्या लावतात, सुटे धागे कापतात. ठेकेदार गठ्ठा आणून देतो आणि नगावर पैसे देतो. साडीला डाग पडला, खडा वाकडा बसला, की पैसे कापतो. कापलेले बरोबर की चूक, हे विचारायला बाईला जागा नसते. आमच्या ओळखीतला असाच एक ठेकेदार भक्तीला येऊ लागला. वर्षभर आला, गाणी शिकला, साक्षही देऊ लागला. एका डिसेंबरमध्ये तो आपल्या जुन्या डायऱ्या घेऊन माझ्याकडे आला. उगीच केलेली कपात किती होते ते काढून द्या म्हणाला. आम्ही दोन संध्याकाळी बसून बेरीज केली. ज्या बायका सापडल्या त्यांच्या दारात जाऊन त्याने पैसे दिले. काही जणी गावी परतल्या होत्या, पत्ता नव्हता. त्यांचे पैसे त्याने स्वतःकडे ठेवले नाहीत, गरजू घरांना दिले. बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकात हेच सांगितले आहे: ज्याचे देणे तो नसेल आणि त्याचा वारसही नसेल, तरी देणे बुडत नाही, ते देवाला द्यायचे असते. एका आजीने पैसे मोजून घेतले आणि फक्त मान हलवली. ती काही ख्रिस्ती नव्हती. पण त्या माणसात खरोखर काही घडले आहे, हे तिला आमच्या कोणत्याही प्रवचनापेक्षा जास्त कळले असणार.

साक्षी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. गुजरातेत दारूबंदी आहे, तरी दारूने मोडलेली घरे आमच्या वस्तीत आहेत, आणि दारू सुटल्याची साक्ष सगळ्यांत जास्त वेळा येते. तेव्हा टाळ्या होतात, हालेलुया होते. मी मात्र त्याच्या बायकोकडे पाहते. पगार पूर्ण घरी येतो का, हात उगारला जात नाही ना, पोरगी बापासमोर मोकळी बोलते का, हे तिलाच ठाऊक. देवाने मला क्षमा केली, आता तूही कर, असे बायकोला बजावणारा माणूस अजून बदललेला नाही. क्षमा करणे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे, पण ती वसूल करण्याचा हक्क अपराध्याला कोणी दिलेला नाही. त्याने आधी नीट वागावे, वाट पाहावी. मार खाल्लेल्या बाईला सुरक्षित वाटत नसेल तर मंडळीने तिच्या बाजूने उभे राहावे, समेटाची घाई करू नये.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की, वेदीपुढे दान आणले आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र हिशेब लिहिणाऱ्या मला विशेष प्रिय आहे. अनेसिम नावाचा गुलाम आपल्या धन्यापासून, म्हणजे फिलेमोनापासून, दूर गेलेला. पौल त्याला परत पाठवतो आणि त्याने काही नुकसान केले असेल तर ते माझ्या नावे मांड, मी फेडीन, असे स्वतःच्या हाताने लिहून देतो. सोबत हेही सांगतो की त्याला आता गुलाम म्हणून नव्हे, प्रिय भाऊ म्हणून घे. म्हणजे मंडळीचे काम केवळ उपदेशाचे नाही. ज्याला परतफेड झेपत नाही त्याच्या पाठीशी उभे राहणे, प्रसंगी त्याचे देणे आपल्या अंगावर घेणे, हेही तिचे काम आहे.

म्हणून रविवारच्या शाळेत डिसेंबर लागला की मी मोठ्या मुलांना एक काम देते. कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा: कोणाची वस्तू किंवा पैसे माझ्याकडे आहेत, कोणाबद्दल मी खोटे बोललो, कोणाशी बोलणे तोडले. कागद मला दाखवायचा नाही. ज्यांची नावे आहेत त्यांच्याकडे मात्र जायचे, आणि 31 तारखेच्या आत जायचे. मोठ्यांनीही हे करावे. ज्यांच्या हाताखाली माणसे कामाला आहेत त्यांनी तर जरूर करावे. मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा ठेवून घेऊ नये, असे लेवीयच्या पुस्तकात साफ लिहिले आहे.

तुमचे नवे वर्ष पाडव्याला असो, लाभपाचमीला असो की 1 जानेवारीला, त्याच्या आधीच्या आठवड्यात एका तरी माणसाचे देणे फेडा. पैसे असतील तर पैसे द्या, अपमान केला असेल तर त्याच्या दारात जाऊन माफी मागा. आणि मन खरेच पालटले का, हे जाणून घ्यायचे असेल तर ज्याचे देणे होते त्यालाच विचारा.