पुडीवर मेंदी, आत काय?

सकाळी दवाखाना उघडून बसतो न बसतो तोच एक बाई डोक्यावरून पदर ओढून आत आल्या. पदर बाजूला केला तेव्हा मीही क्षणभर त्यांना ओळखले नाही. कपाळ सुजलेले, डोळे मिटल्यासारखे झालेले, कानामागून मानेपर्यंत पुरळ आणि त्यातून पाणी झिरपत होते. बाई शाळेत शिकवितात. भाचीचे लग्न चार दिवसांवर आले होते.

"डॉक्टर, तुम्हीच म्हणालात ना, मेंदी खुशाल लावा म्हणून?"

होय, मी म्हणालो होतो. मागच्या खेपेला रक्तदाब तपासून झाल्यावर त्यांनी जाता जाता विचारले आणि मीही जाता जाता उत्तर दिले. कोणती मेंदी, हे मी विचारलेच नाही. चूक माझी, म्हणून आजचा हा लेख.

घरून पुडी मागवून घेतली. वर हिरव्या पानांचे चित्र आणि ठळक अक्षरांत 'काळी मेंदी'. मागे भिंग धरून वाचावे लागेल अशा अक्षरांत घटकांची यादी, आणि त्यात एक लांबलचक नाव : पॅरा-फेनिलिन-डायअमाइन. थोडक्यात पीपीडी.

मेंदी काळी नसतेच

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. ते केसातील केराटिन या प्रथिनाला घट्ट धरून बसते. म्हणून मेंदीचा रंग धुतल्याने लगेच जात नाही. पण हा रंग नारिंगी ते तांबडा एवढाच. पांढऱ्या केसांवर मेंदी एकटी काळा रंग कधीच देत नाही. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजविली, आवळ्याची पूड घातली, तर लोह आणि तुरट द्रव्ये यांच्या संयोगाने रंग गडद होतो, पण तोही तपकिरीकडे झुकणारा.

तेव्हा एकाच पुडीने अर्ध्या तासात केस काळेभोर होत असतील, तर आत नुसती मेंदी नाही हे समजावे. पीपीडी हा केसांच्या बहुतेक काळ्या रंगांत वापरला जाणारा रासायनिक पदार्थ. अनेकांना तो सोसतो. पण काहींना त्याचे वावडे जडते, आणि एकदा जडले की ते सहसा आयुष्यभर राहते. गंमत अशी की वर्षानुवर्षे काही न होता एखाद्या दिवशी अचानक त्रास सुरू होतो. "डॉक्टर, दहा वर्षे हेच लावते," हे वाक्य म्हणूनच पुरावा ठरत नाही. हातावर झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीच्या कोनातही पुष्कळदा हाच पदार्थ असतो.

आणि वनस्पतीचे म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही. बिब्बा झाडाचाच आहे. तो उतला म्हणजे काय होते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

काळा रंग हवा असेल तर

झाडपाल्यानेच केस काळे करायचे तर मेंदीला निळीच्या पानांची जोड द्यावी लागते. कपड्यांना घालतो ती नीळ नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो! निळीच्या झुडपाच्या वाळलेल्या पानांची पूड वनौषधींच्या दुकानात मिळते.

पहिल्या दिवशी मेंदी कोमट पाण्यात काही तास भिजवून केसांना लावावी, दोन-तीन तासांनी नुसत्या पाण्याने धुवावी. केस तांबडे होतील, घाबरू नये. दुसऱ्या दिवशी निळीची पूड कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांनी लगेच लावावी. ही रात्रभर भिजवायची नाही. शिळी झाली की तिचा रंग चढत नाही. तास-दीड तासाने साध्या पाण्याने धुवावे आणि दोन दिवस साबण-शांपू टाळावा. सुरुवातीला हिरवट झाक दिसेल. हवा लागून एक-दोन दिवसांत ती गडद होते. वेळखाऊ काम आहे खरे, पण वेळ लागणे हीच याची ओळख.

जपावे कोणी?

कोणतीही पुडी असो, आधी थोडे मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे आणि ४८ तास वाट पाहावी. खाज, लाली, फोड आले तर ती पुडी बाद. हे प्रत्येक नव्या पुडीला करावे. डोक्यावर जखम, खरूज किंवा इसब असताना काहीच लावू नये. दमेकऱ्यांनी पूड स्वतः चाळू नये. भुवया, पापण्या आणि मिशांना काळा रंग लावण्याचा मोह टाळावा. तान्ह्या बाळांना तर मेंदी नकोच. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत मेंदीमुळे तांबड्या पेशी फुटून कावीळ झाल्याचे आढळले आहे.

रंग लावल्यावर आग होऊ लागली तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. चेहरा सुजला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घसा आवळला, श्वास लागला तर घरी थांबू नये, थेट इस्पितळ गाठावे. जाताना पुडी बरोबर न्यावी.

आणखी एक. विशी-पंचविशीतच केस भराभर पांढरे होत असतील तर रंग शोधण्याआधी तपासणी करून घ्यावी. पुष्कळदा कारण आनुवंशिक असते. परंतु ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकारही मागे असू शकतो. त्यावर उपचार आहेत.

बाईंची सूज औषधांनी उतरली. लग्नाला त्या गेल्या, पण फोटोच्या वेळी मागच्या रांगेत उभ्या राहिल्या. परवा पुन्हा आल्या तेव्हा केस मेंदीने तांबूस झालेले होते. पिशवीतून पुडी काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "आधी मागची बाजू वाचा, मग हो म्हणा."

मी चष्मा लावून वाचली. फक्त मेंदीची पाने. मग हो म्हणालो.