सरकत्या सीमांच्या कार्यशाळेला जाण्याआधी

वितळणारा बर्फ, वाढणारा स्फटिक, फुटणारा थेंब, जखम भरताना पुढे सरकणाऱ्या पेशी. बदलत्या आकारांच्या गणितावरच्या कार्यशाळेत हे सगळं एकाच दिवशी कानावर पडू शकतं. दर व्याख्यानात समीकरणं वेगळी, चिन्हं वेगळी. पहिल्यांदाच जात असाल तर गोंधळ ठरलेला. अशा वेळी एकच प्रश्न धरून ठेवा: यांनी सीमा संगणकात साठवली कशी? पद्धतीचे बरेचसे गुणदोष त्या उत्तरातच असतात.

ढोबळमानाने तीन उत्तरं मिळतील.

एक, सीमेवर बिंदू ठेवायचे आणि तेच हलवायचे. हे स्वस्त आणि अचूक. पण बिंदू कुठे गर्दी करतात, कुठे विरळ होतात. दोन थेंब एकमेकांत मिसळले, की कोणता बिंदू कोणाला जोडायचा हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

दोन, लेव्हल सेट पद्धत. ओशर आणि सेथियन यांनी ती १९८८ मध्ये मांडली. इथे सीमा म्हणजे एखादं फंक्शन जिथे शून्य होतं ती रेषा. धरणाचं पाणी उतरलं की दोन बेटं आपोआप जोडली जातात, किनारे कोणी शिवत बसत नाही, तसंच हे. तोटा असा, की थेंबाचं क्षेत्रफळ कायम राहायला हवं तिथेही ते आकडेमोडीत हळूहळू घटू शकतं.

तीन, फेज फील्ड. सीमा ही रेषा नसून पातळ पट्टा असतो. त्यात फंक्शन −१ पासून +१ पर्यंत सलग बदलतं. इथेही आकार जुळणं-तुटणं आपोआप होतं. पण पट्टा जितका पातळ, तितकं तिथलं ग्रिड बारीक लागतं.

जाण्याआधी एक छोटा कोड जरूर लिहा. सपाट पृष्ठावर एक बंद वक्र घ्या. त्याचा प्रत्येक बिंदू लंब दिशेनं, तिथल्या वक्रतेइतक्या वेगानं आत सरकतो. वर्तुळासाठी उत्तर हातानं निघतं: त्रिज्येचा वर्ग दर एकक वेळेला २ ने घटतो. म्हणजे त्रिज्या १ असेल तर वर्तुळ ०.५ या वेळेला नाहीसं होतं.

आता गंमत बघा. स्वतःला न छेदणारा कुठलाही गुळगुळीत बंद वक्र घेतला, तरी त्याचं क्षेत्रफळ 2π, म्हणजे सुमारे ६.२८ याच दराने घटतं. ग्रेसन यांनी १९८७ मध्ये सिद्ध केलं, की असा वक्र कितीही वेडावाकडा असला तरी आधी बहिर्वक्र होतो, मग गोल होत होत एका बिंदूत मिटतो. म्हणून गोलसर टोकांची चांदणी घ्या, क्षेत्रफळाचा आलेख काढा आणि उतार तपासा. ॲनिमेशन सुंदर दिसलं म्हणून उत्तर बरोबर असतं असं नाही. हा उतार मात्र फसवत नाही.

एवढं करून गेलात, की प्रश्नोत्तरांच्या वेळी हात वर करून विचारता येईल: "ग्रिडचं अंतर निम्मं केल्यावर तुमची त्रुटी कितीनं कमी होते?" हा प्रश्न तिन्ही पद्धतींना लागू पडतो.