तेलातुपाचें शरीरांत काय होतें ?

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत रब्बी ज्वारीच्या कडेनें करडईचे तास धरण्याची चाल जुनी आहे. कांट्यांमुळें गुरें आंत शिरत नसत आणि घरचें तेलही निघे. आज खरिपाचें मुख्य पीक सोयाबीन झालें आहे. तें आपण विकतों आणि खाण्याचें तेल भाव पाहून विकत आणतों. परंतु पोटांत गेल्यावर सर्व तेलें सारखीं वागत नाहींत. हा भेद काय आहे तें येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

तेलाचा वा तुपाचा प्रत्येक कण तिफणीसारखा रचलेला असतो. दिंडाच्या जागीं ग्लिसरीन, फणांच्या जागीं तीन मेदाम्लें. मेदाम्ल म्हणजे कर्बाच्या कड्यांची सांखळी. तींत दुहेरी सांधा नसेल तर तें संपृक्त, असेल तर असंपृक्त. दुहेरी सांध्यापाशीं सांखळी वांकते; म्हणून करडईचें तेल थंडींतही पातळ राहतें आणि तूप थिजतें.

लहान आंतड्यांत यकृताचें पित्त तेलाचे सूक्ष्म थेंब करतें आणि स्वादुपिंडाचा रस तिफणीचे कडेचे दोन फण सोडवितो. मधला फण दिंडासह राहतो. हे भाग आंतड्याच्या अस्तरांत शिरतात. येथून वाटा दोन होतात. लोण्यांत थोडींशीं असणारीं चार ते दहा कर्बांचीं आंखूड मेदाम्लें रक्तावाटे थेट यकृताकडे जातात व लवकर जळतात. सोळा-अठरा कर्बांचीं लांब मेदाम्लें अस्तरांतच पुन्हां दिंडावर बसविलीं जातात, त्यांवर प्रथिनाचें आवरण चढतें, आणि तीं लसीकावाहिन्यांतून मानेच्या बुडाशीं रक्तांत मिळतात. वाटेंत स्नायू व चरबीच्या पेशी आपापला वांटा घेतात; उरलेला भाग यकृत घेतें.

मेदाम्ल जळतांना सांखळी दोन-दोन कर्बांनीं तुटत जाते, हें जर्मन शास्त्रज्ञ फ्रांट्स क्नूप यांनीं १९०४ सालीं कुत्र्यांवरील प्रयोगांवरून दाखविलें. एक ग्रॅम मेदापासून सुमारें ९ उष्मांक मिळतात, पिष्टापासून ४. म्हणून कष्ट कमी व तेल अधिक झालें कीं शिल्लक चरबींत जमा होते, मग तेल कोणतेंही असो.

सरकीची पेंड खाणाऱ्या म्हशीचें तूपही थिजतें, याचें कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांतील जंतू पेंडींतील तेलाचे बरेचसे दुहेरी सांधे मोडून तें संपृक्त करतात. माणसाच्या पोटांत असें होत नाहीं. आपण जसा मेद खातों, बहुतांशीं तसाच तो अंगीं उतरतो. पामतेलांत जवळजवळ निम्मा, व तुपांत निम्म्याहून अधिक भाग संपृक्त असतो. असा मेद फार झाला कीं यकृत रक्तांतील कोलेस्टेरॉल कमी उचलतें व तें सांचतें. त्याऐवजीं करडईसारखें असंपृक्त तेल घेतलें तर तें उतरतें.

दोन मेदाम्लें मात्र शरीरास बनवितांच येत नाहींत : लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक. कांहीं मेद अन्नांतूनच मिळाला पाहिजे हें अमेरिकेंतील जॉर्ज व मिल्ड्रेड बर यांनीं १९२९ सालीं सिद्ध केलें; मेदरहित आहारावरील उंदरांची वाढ खुंटली व कातडीस खवले आले. साध्या करडईच्या तेलांत सुमारें तीन चतुर्थांश लिनोलेइक असतें. जवसाच्या तेलांत सुमारें निम्में अल्फा-लिनोलेनिक. दोहोंवर शरीरांत तींच विकरें काम करतात. एकाचीच गर्दी झाली तर दुसऱ्याचें काम मागें पडतें. म्हणून नुसत्या करडईवर भिस्त न ठेवतां जवसाची चटणीही ताटांत असावी. जवस भाजून कुटावें. सबंध दाणा पुष्कळदां न पचतांच बाहेर पडतो. तळणास भुईमुगाचें तेल बरें, कारण करडईचें व जवसाचें तेल वारंवार तापविल्यानें लवकर बिघडतें. तूप चवीपुरतें असावें.

सबब येत्या रब्बींत प्रत्येक बागाइतदार व जिराइतदार बंधूनें ज्वारीच्या कडेनें करडईचे आणि शेजारीं जवसाचे घरापुरते तास धरावे, अशी आमची सूचना आहे. कांट्यांची अडचण वाटल्यास फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेचा नारी-६ हा बिनकांटेरी वाण आहे. आपल्या रानांत पिकूं शकतें तें घरच्या ताटांत नसावें, हें आपल्यासारख्या पिकविणाऱ्यांस शोभत नाहीं.