हॉट टब घेण्याआधी: स्लॅब, वीज, पाणी आणि विक्रेता

हॉट टबच्या शोरूममध्ये पाऊल ठेवलं की विक्रेता विचारतो, किती जण बसणार, रंग कोणता हवा, बजेट किती. यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न एकच आहे: टब ठेवणार कुठे आणि त्याच्याखाली काय आहे? हा प्रश्न जो विक्रेता स्वतःहून आधी विचारतो, त्याच्याशी पुढचं बोलणं करावं. बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत तर हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण इथे राहणारी बहुतेक माणसं जमिनीवर राहत नाहीत, पाचव्या नाहीतर अकराव्या मजल्यावर राहतात.

केओनिक्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीने १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर ही वसाहत वसवली. कल्पना आर. के. बालिगा यांची. पुढे इन्फोसिस, विप्रो आल्या, आणि नीलाद्री रोडपासून हेब्बगोडी-हुस्कूरपर्यंत निवासी इमारतींची रांग लागली. त्यांत पुण्या-नागपुराकडून, कोल्हापूर-बेळगावातून आलेली पुष्कळ मराठी घरं आहेत. दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरते, आणि शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर असल्याने संध्याकाळी हवेत गारवा येतो. अशा वेळी अर्धा तास गरम पाण्यात बसावंसं वाटणं अगदी योग्य आहे. वज्रेश्वरीच्या किंवा उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात बसलेल्या कुणालाही ते सुख समजावून सांगावं लागत नाही.

आधी वस्तू कोणती ते ठरवू. बाजारात ‘जकूझी’ म्हणून दोन वेगळ्या गोष्टी विकतात. पहिली म्हणजे बाथरूममधला जेटवाला बाथटब. यात दर वेळी २५०-३०० लिटर पाणी भरायचं आणि अंघोळ झाली की सोडून द्यायचं. दुसरा खरा हॉट टब: स्वतःचा हिटर, गाळणी, पंप आणि जाड झाकण असलेला. त्यात हजार-बाराशे लिटर पाणी एकदा भरलं की आठवडेच्या आठवडे तेच गाळून, गरम ठेवून वापरायचं. जकूझी हे इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेल्या एका कुटुंबाचं आडनाव. त्यांचा धंदा पंपांचा. घरातल्या एका लहान मुलाला संधिवात होता, त्याच्या उपचारासाठी १९५६ मध्ये त्यांनी साध्या बाथटबात सोडता येणारा पंप बनवला. जेट टबातच बसवलेला बाथटब १९६८ चा. म्हणजे जेटची सुरुवात दुखऱ्या सांध्यांसाठी झाली, आणि आजही याच कामासाठी टब घेणाऱ्याचा पैसा सत्कारणी लागतो.

पाण्याच्या हिशेबात इथे एक अनपेक्षित गोष्ट निघते. रोज ३०० लिटरचा बाथटब भरला तर पन्नास दिवसांत १५,००० लिटर पाणी जातं. दोघे जण रोज वापरत असलेल्या १,२०० लिटरच्या हॉट टबचं पाणी साधारण तेवढ्याच दिवसांनी एकदा बदलावं लागतं. त्याचं सूत्र सोपं आहे: टबातले लिटर भागिले रोज उतरणारी माणसं, आणि आलेल्या उत्तराला बाराने भागायचं. दिसायला मोठा असलेला टब पाणी कमी पितो, हे विक्रेतेसुद्धा क्वचित सांगतात.

आता स्लॅब. १,२०० लिटर पाणी म्हणजे १,२०० किलो. टबाचे स्वतःचे ३०० किलो धरा, पाच माणसांचे ३५०. झाले १,८५० किलो. दोन मीटर बाय दोन मीटरच्या टबाखाली हे वजन दर चौरस मीटरला सुमारे ४६० किलो पडतं. भारतीय मानक आयएस ८७५, भाग २, घराच्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरायला सांगतं, बाल्कनीसाठी किमान ३०० आणि वावर असलेल्या गच्चीसाठी १५०. म्हणजे गच्चीवर टब ठेवला तर गृहीत धरलेल्या भाराच्या तिप्पट वजन तिथे बसतं, तेही एकाच जागी आणि रात्रंदिवस. बाल्कनीचा विचार तर मनातूनच काढून टाका. गच्चीवर तुळया-खांबांच्या आधाराने, वजन वाटून देणारी पोलादी चौकट करून टब बसवता येतो. पण तसा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरने इमारतीचे नकाशे पाहून, सही करून द्यायचा असतो. ‘आम्ही अशा खूप गच्च्यांवर लावलेत’ हे विक्रेत्याचं वाक्य त्या सहीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय कर्नाटकच्या १९७२ च्या अपार्टमेंट मालकी कायद्याप्रमाणे गच्ची सहसा सर्वांच्या सामाईक मालकीची असते. ती खरेदीखतात तुमच्या नावावर नसेल तर असोसिएशनची लेखी परवानगी लागते, आणि लिफ्टमध्ये टब मावत नसल्याने क्रेन आणायचीही.

मजला जमला की विजेकडे वळावं. एक हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे १.१६ युनिट वीज लागते. बेंगळुरूत नळाचं पाणी २४ अंशांचं धरलं आणि ते ३८ पर्यंत न्यायचं असेल, तर १,२०० लिटरला साडेएकोणीस युनिट. तीन किलोवॅटचा हिटर असेल तर साडेसहा तास. म्हणजे ऑफिसमधून आल्यावर बटण दाबून अर्ध्या तासात टब तयार होत नाही. तो सतत गरम ठेवायचा असतो, आणि खरा खर्च निसटणाऱ्या उष्णतेचा असतो. म्हणून कवचाखालचा फोम आणि वरचं झाकण ही टबाची सगळ्यात मोलाची अंगं. चांगला टब थर्मासच्या बाटलीसारखा वागतो.

हे तपासायची रीत अगदी साधी आहे. शोरूममधला भरलेला टब संध्याकाळी ३८ अंशांवर असताना हिटर बंद करायला सांगा, झाकण लावा आणि बारा तासांनी तापमान पाहा. चार अंश उतरलं तर साडेपाच युनिट उष्णता गेली, म्हणजे दिवसाला अकरा. युनिटला सात रुपये धरले तर महिन्याला सुमारे २,३०० रुपये. आठ अंश उतरलं तर दुप्पट. शोरूमच्या एसीत पारा कमी उतरतो की जास्त, हा वादाचा मुद्दा करू नका, तिथल्या हवेचं तापमानही लिहून घ्या. ही चाचणी करू द्यायला जो तयार नाही, त्याच्या माहितीपत्रकातल्या ‘वीज वाचवणारा’ या शब्दांना काही किंमत नाही. बेंगळुरूच्या हवेत हीट पंप चांगला चालतो आणि साध्या हिटरपेक्षा खूप कमी विजेत तेवढीच उष्णता देतो. पहिल्यांदा टब भरताना घरच्या सोलर हिटरचं पाणी गार पाण्यात मिसळून घेतलं तर सुरुवातीची वीजही वाचते. मात्र क्लोरीन घातलेलं टबचं पाणी पुन्हा सोलरच्या नळ्यांतून फिरवू नये.

हिटर आणि पंप एकत्र चालले की पाचेक किलोवॅट, म्हणजे वीसहून अधिक अँपिअर. घरातलं १६ अँपिअरचं सॉकेट त्याला पुरत नाही. पॅनेलपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खात्रीचं अर्थिंग लागतं. आधी बेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावर मंजूर भार किती आहे तो पाहा, कमी असेल तर वाढवून घ्या. यात काटकसर करायची नाही. ओल्या अंगाच्या माणसाजवळची ही वीज आहे.

आयात टबांत एक खाच असते. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. तिथल्यासाठी बनलेली मोटर इथे पाच-षष्ठांश वेगाने फिरते, पाण्याचा दाब जवळपास एकतृतीयांशाने घटतो आणि मोटर जास्त तापते. मोटरवरची धातूची पट्टी स्वतः वाचा: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं लिहिलेलं हवं. त्याच पट्टीवर अँपिअर दिलेले असतात. माहितीपत्रकात छापलेल्या हॉर्सपॉवरपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवा. जेटची संख्याही भुलवते. त्याच पंपावर वीसऐवजी पन्नास जेट लावले तर प्रत्येकाचा जोर कमीच होणार. पोहण्याचे कपडे घेऊन जा आणि पाण्यात बसून पाहा. पाठीला कुठे लागतंय, उंच माणसाचे गुडघे वर येतात का, हलक्या माणसाला जेट बैठकीवरून उचलतो का, हे कोरड्या टबात कळत नाही.

बसण्याआधी मात्र चाचणीपट्टी पाण्यात बुडवा. १९९९ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल गावी फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी मांडलेल्या एका टबाच्या पाण्यात लिजिओनेला जंतू वाढले आणि बुडबुड्यांच्या तुषारांतून हवेत पसरले. त्यात तीसहून अधिक माणसं दगावली. त्यांना टबात उतरावंही लागलं नव्हतं, जवळून जाणं पुरलं. कोमट पाणी या जंतूंना मानवतं आणि गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं. म्हणून अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था हॉट टबात क्लोरीन किमान ३ पीपीएम आणि पीएच ७ ते ७.८ ठेवायला सांगते. आपल्याकडे तरणतलावासाठी सर्रास मिळणाऱ्या टीसीसीए गोळ्यांतून सायन्युरिक ॲसिड पाण्यात साठत जातं आणि क्लोरीनची धार बोथट होते. तीच गोळी टबासाठी हातात ठेवणारा विक्रेता आपला विषय शिकलेला नाही. तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नये. गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा रक्तदाबाची औषधं चालू असलेली माणसं यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना उतरवूच नये.

पाणी कुठलं, हेही ठरवायला हवं. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरूने जे भोगलं ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. टँकरचे दर प्रशासनाला बांधून द्यावे लागले आणि पिण्याचं पाणी तरणतलावात वापरायला बंदी आली. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, पण इलेक्ट्रॉनिक सिटीभोवतीच्या कित्येक इमारती अजून बोअरवेल आणि टँकरवर आहेत. बोअरचं पाणी क्षाराचं. हिटरच्या कांडीवर पांढरा थर चढतो, मग ती जास्त तापून जळते. पाण्याची कठीणता तपासून १५० ते २५० पीपीएमच्या दरम्यान आणावी. सोसायटीचं सॉफ्टनर त्याच्या खूप खाली नेत असेल तर फेस होतो आणि धातू गंजतो, तेव्हा दोन्ही पाणी मिसळून भरावं. टब रिकामा करताना आधी क्लोरीन उडू द्या आणि पाणी हळूहळू सोडा. एकदम सोडलेलं क्लोरीनचं पाणी इमारतीच्या सांडपाणी केंद्रातले उपयोगी जंतू मारतं.

आता विक्रेता. दहा वर्षांची हमी असते ती कवचाची, आणि कवच क्वचितच बिघडतं. बिघडतात पंप, हिटर आणि नियंत्रण-पेटी. हमी त्यांची किती, मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च त्यात धरलाय का, हे लेखी घ्या. नियंत्रण-पेटी कुणाची तेही विचारा. बाल्बोआ किंवा गेको यांसारखी जगभर वापरली जाणारी असेल तर हा विक्रेता उद्या धंदा बंद करून गेला तरी दुसरा कारागीर दुरुस्त करू शकतो. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ते पाहा. तीन वर्षांपूर्वी याच शहरात विकलेला एखादा टब दाखवायला सांगा आणि मालकाला विचारा, बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांनी आला. ‘आजच बुक केलं तर सूट’ या बोलीला उत्तर द्यायची गरज नाही.

पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. काही बुकिंगला, काही माल जागेवर उतरल्यावर, आणि शेवटचा हप्ता टब भरून, दोन दिवस ठरल्या तापमानावर चालून, कुठेही गळती नाही हे पाहिल्यावर. जीएसटीचं बिल घ्याच. ते नसेल तर तक्रारीला पाया उरत नाही. तक्रारीची वेळ आलीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगाचं शुल्क लागत नाही.

माझं मत विचाराल तर, तळमजल्याला अंगण असलेल्या घरात फोमने भरलेला, ५० हर्ट्झचा, चार-पाच जणांचा टब जरूर घ्यावा. गच्चीवर इंजिनिअरच्या सहीशिवाय कुठलाच घेऊ नये. आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हवेने फुगणाऱ्या टबाच्याही मोहात पडू नये, कारण आठशे लिटर पाण्याचं वजन त्यातही आठशे किलोच भरतं.