डुक्कर फियाटचे अस्सल सुटे भाग

पुढची दारं उलटी उघडणारी जुनी डुक्कर फियाट पुन्हा उभी करायची, तर इंजिन फारसं छळत नाही. तिच्या शेवटच्या मॉडेलांचं 1089 सीसी इंजिन पुढे पद्मिनीतही राहिलं, म्हणून त्याचे भाग अजून सापडतात. दमछाक होते ती ग्रिल, दिव्यांच्या रिंगा आणि दारांच्या मुठींसाठी. मुंबईत चोरबाजार पालथा घालताना जुना तुकडा, मोडका का असेना, सोबत हवाच. स्क्रूची भोकं त्याच्याशी जुळवावीत, मागच्या बाजूचा ओतीव छाप बोटाने चाचपावा. नव्या क्रोमच्या चकाकीला भुलू नये. ब्रेकचं रबर मात्र जुनं, सीलबंद मिळालं तरी घेऊ नका. न वापरताही ते कडक होतं, चिरतं. तिथे नवंच बसवा.