पुनवेचे नाव आणि चंद्राचे छायाचित्र

पौर्णिमेला सूर्य मावळतो आणि साधारण त्याच सुमारास चंद्र उगवतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या जैन घरांना ही वेळ मोठी सोयीची. चौविहाराचे पच्चक्खाण झालेले असते, स्वयंपाकघर आवरलेले असते आणि लहानथोर सारे गच्चीवर जाण्यास मोकळे असतात. बैलबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या जुन्नर तालुक्यातील बेल्हे गावाच्या पूर्वेस आणे घाट व त्यापलीकडचे पठार आहे. पुनवेचा चंद्र त्याच बाजूने वर येतो. हल्ली अशा वेळी घरोघरी मोबाईल आकाशाकडे रोखले जातात आणि टिपलेल्या चित्राखाली ‘वुल्फ मून’, ‘हार्वेस्ट मून’ अशी नावे झळकतात.

ही नावे उत्तर अमेरिका व युरोपातील ऋतुमानाची. जानेवारीत ओरडणारे लांडगे, सप्टेंबरातील सुगी. तिकडे ती शोभतात. आपल्याकडेही नारळी, कोजागरी, वटपौर्णिमा अशी सणावारांची नावे आहेत. परंतु त्यांच्या तळाशी त्याहून जुने नाव आहे आणि ते थेट आकाशातले आहे. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो, त्यावरून महिन्याचे नाव पडले. चित्रेवरून चैत्र, विशाखेवरून वैशाख, कृत्तिकेवरून कार्तिक, मघेवरून माघ. म्हणजे ‘कार्तिकी पुनव’ हे नुसते नाव नव्हे; चंद्राशेजारी काय शोधावे याची ती खूण आहे.

चंद्र दरवर्षी त्याच नक्षत्रात नेमका सापडत नाही, हे जैन आचार्यांना ठाऊक होते. ‘सूर्यप्रज्ञप्ति’ या आगमग्रंथात बाराही पौर्णिमांची नक्षत्रे दिली आहेत. कार्तिकीला भरणी अथवा कृत्तिका. श्रावणीला तर अभिजित, श्रवण आणि धनिष्ठा अशी तीन. एका नावात न मावणारे आकाशाचे वास्तव त्यांनी मोकळेपणाने नोंदवले.

व्यापारी घरांना आणखी एक गोष्ट जाणवली असेल. मारवाडी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, मराठी व गुजराती पंचांगात अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षातील मितीचा महिना दोघांच्या वह्यांत निराळा पडतो. शुद्ध पक्षात मात्र मतभेद नाही. कार्तिक सुद १५ ही सर्वांचीच कार्तिक सुद १५. चातुर्मास संपून साधुसाध्वींचा विहार सुरू होतो, शत्रुंजयाची यात्रा पुन्हा खुली होते आणि ज्यांना पालिताण्यास जाणे शक्य नसते ते आपल्या गावीच शत्रुंजयाच्या पटाचे दर्शन घेतात, तोच हा दिवस.

आता छायाचित्राविषयी. रात्रीचे चित्र म्हणून कॅमेरा अधिक प्रकाश घेतो आणि चंद्राचा पांढरा ठिपका होतो. वास्तविक चंद्रावर तेव्हा लख्ख ऊन असते. म्हणून मापही उन्हाचेच हवे. आयएसओ १००, एफ ११ आणि सेकंदाचा सुमारे सव्वाशेवा भाग, एवढ्यावर चंद्रावरील डाग स्पष्ट उमटतात. मोबाईलमध्ये चंद्रावर बोट ठेवून उजेड कमी करावा. विवरे पाहायची असतील तर पौर्णिमेपेक्षा अष्टमी बरी. त्या दिवशी ऊन तिरपे पडते आणि सावल्या लांबतात.

क्षितिजावर थोरला दिसणारा चंद्र चित्रात वाटाण्याएवढा उतरतो, ही सर्वांचीच तक्रार. उपाय एकच: समोरच्या वस्तूपासून दूर जावे आणि दुरून जवळचे दाखवणारे भिंग वापरावे. नारायणगाव–खोडद परिसरातील जीएमआरटी दुर्बिणीच्या तीस तबकड्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. अशी तबकडी सुमारे पाच किलोमीटरवरून पाहिली तर ती चंद्राएवढीच रुंद दिसते. पौर्णिमेच्या पहाटे चंद्र पश्चिमेला उतरत असताना, तबकडीच्या पूर्वेस योग्य अंतरावर उभे राहणाऱ्यास दोन्ही एका चौकटीत मिळू शकतात. मात्र घाई हवी. आकाशात चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो.

काही मोबाईल चंद्राचे चित्र स्वतःच सजवतात. २०२३ मध्ये एकाने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवून मोबाईलने टिपले. मूळ चित्रात नसलेले बारकावे फोनने त्यात भरून दिले. नमुना एक आणि माल दुसरा, हा प्रकार व्यापाऱ्याला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. साधी चाचणी म्हणजे ही सजावट बंद करून तेच चित्र पुन्हा घेणे.

आणि नावाचे काय? चंद्र नीट उमटला की तारे दिसत नाहीत. तारे उमटवावेत तर चंद्र जळून पांढरा होतो. म्हणून चित्रे दोन घ्यावीत, दुसरे कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून एकदोन सेकंदांचे. कार्तिकीला प्रकाशामुळे कृत्तिकेचा पुंजका सापडणे कठीण जाते, दुर्बीण लागते. आरंभ चैत्रीपासून करावा. पुंडरीकस्वामींच्या निर्वाणाची ही पौर्णिमा. त्या रात्री चंद्राच्या आसपास निळसर पांढरी चित्रा नुसत्या डोळ्यांनाही दिसते, एखाद्या वर्षी अगदी शेजारी, एखाद्या वर्षी काहीशी दूर.